बुटकी गाडी आणि मागच्या सीटवरची ताई



गेल्या डिसेंबरच्या शाळेच्या सुटीत आम्हांस संयुक्त अरब अमिरातीला जाण्याचा योग आला. आमचा भाचा शारजा येथे नोकरीस आहे. त्याची आई, म्हणजे आमची थोरली ताई, नातीला पाहण्यासाठी तीन महिन्यांकरिता तिकडे अगोदरच गेली होती. प्लेझान्सच्या विमानतळावरून साडेसहा तासांचा प्रवास करून आम्ही दुबईस उतरलो, तेव्हा भाचा आपली गाडी घेऊन आम्हांस न्यायला आला होता.

या गाडीविषयी आम्ही पुष्कळ ऐकले होते. लग्नापूर्वी, एकटा राहत असताना, त्याने ती जुनी जपानी सेदान विकत घेतली आणि हौसेने तिला जमिनीसरशी करून घेतली होती. काळ्या रंगाची, मोठ्या चाकांची, चाक आणि वरचे मडगार्ड यांच्यामध्ये बोट जाईल न जाईल एवढीच फट. आपल्या बेटावरही शनिवार-रविवारी समुद्राकाठच्या रस्त्यांवर अशा गाड्या दिसतात. दिसायला ती सुरेख होती, हे आम्ही नाकारत नाही. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आम्हांस काही वेगळे जाणवलेही नाही. तिकडचे महामार्ग एवढे गुळगुळीत आहेत की बैलगाडीसुद्धा मऊ वाटावी.

परंतु शारजात घराजवळच्या गल्लीत शिरताच पहिला दोदान आला. तिकडे त्याला सगळे हंप म्हणतात. भाच्याने गाडी जवळजवळ उभीच केली, तिरपी घेतली, आणि तरीही आमचा मणका खालून कोणी हातोडा मारावा तसा दणाणला. पुढे इमारतीच्या पार्किंगचा उतार आला. तेथे गाडीचे पोट खर्रकन घासले. भाचा म्हणाला, "मामा, एवढे चालायचेच. सवय होते."

ताईला मात्र सवय झाली नव्हती. घरी गेल्यावर समजले की ती दोन आठवडे त्या गाडीत बसलेलीच नाही. एकदा सर्वजण मिळून अल ऐनला जबल हफीत पाहण्यास निघाले होते. त्या डोंगरावर सुमारे १२ किलोमीटरचा, ६० वळणांचा रस्ता चढत जातो. ताईने तो टेलिव्हिजनवर पाहिला होता आणि तिला तेथे जायचेच होते. पण डोंगर दूरच राहिला. अल ऐनच्या वस्तीतील हंपांवर तिच्या कमरेत अशी कळ आली की एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवून अर्धा तास बसावे लागले, आणि तेथूनच सर्वजण परत फिरले. वय ६६, कंबर अगोदरचीच दुखरी. त्यानंतर ती म्हणाली, "मी घरीच बरी. नातीला तुम्ही बाजारात न्या." तीन महिन्यांसाठी आलेली बाई चौथ्या मजल्यावरील घरात बसून राहिली होती. सूनबाई आम्हांस हळूच म्हणाली की बाळही गाडीत सारखे रडते. गाडी विकावी असे ती म्हणत होती. भाचा म्हणत होता की कर्ज अजून फिटलेले नाही, आणि स्प्रिंगा कापलेल्या गाडीला भाव कोण देणार? या एका विषयावर घरात दोघांचे बोलणे कमी झाले होते.

आम्ही काही मेकॅनिक नव्हे. पण विज्ञान शिकवताना स्प्रिंगला वजने टांगून मुलांकडून मोजमापे करून घेतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी आणि वही घेऊन आम्ही खाली उतरलो. भाचा हसला, पण आला.

प्रथम गाडीचा प्रत्येक कोपरा हाताने जोरात दाबून सोडला. चांगली गाडी एकदा वर येते, किंचित खाली जाते आणि स्थिर होते. ही गाडी पुढच्या बाजूला जेमतेम दबली, मागच्या बाजूला मात्र तीनदा डोलली. म्हणजे मागचे शॉक, ज्याला आपल्याकडे आमोर्तिसेर म्हणतात, ते संपलेले होते. वाकून पाहिले तर एकावर तेलाचा ओघळ आणि त्यावर वाळू चिकटलेली. त्यानंतर आम्ही एक युक्ती केली, जी घरी कोणासही करता येईल. केबल बांधायची प्लास्टिकची बारीक पट्टी मिळते, ती शॉकच्या चकचकीत दांड्यावर घट्ट आवळून खाली सरकवून ठेवली. शॉक दबला की पट्टी वर ढकलली जाते आणि जेथपर्यंत तो दबला तेथेच ती राहते. दांड्याच्या वरच्या टोकाला रबराचा एक ठोकळा असतो. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो बसवलेला असतो. भाचा एकटाच गाडी चालवून आला, तेव्हा पट्टी या ठोकळ्याच्या थोडी खाली थांबली होती. मग आम्ही, सूनबाई आणि शेजारची दोन मुले मागे बसलो आणि पुन्हा त्याच गल्लीतून फेरी मारली. पट्टी ठोकळ्यात रुतून बसली होती.

घरातील भांडणाचे कारण त्या पट्टीत होते. भाचा खोटे बोलत नव्हता. तो एकटा असताना गाडी खरोखरच बरी चालत असे.

हिशेब सोपा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो आहोत: जेवढे ओझे, तेवढी स्प्रिंगची दब. मागच्या सीटवर माणसे बसवून आणि उतरवून आम्ही गाडीची उंची मोजली. दोन्ही बाजू मिळून साधारण ५ किलोला १ मिलिमीटर अशी दब भरली. ताई, सूनबाई, बाळ, बाळाचे आसन आणि डिकीतील सामान मिळून सुमारे १५० किलो धरा. म्हणजे गाडी मागे ३ सेंटिमीटर खाली बसते. आणि ठोकळ्यापर्यंत शिल्लक जागा होती तीच मुळी तीन-साडेतीन सेंटिमीटर. मग हंप आला की स्प्रिंगला दबायला जागाच नाही. कुटुंब स्प्रिंगवर बसलेले नसून त्या रबरी ठोकळ्यावर बसलेले असते.

कापलेल्या स्प्रिंगने आणखी एक घोटाळा होतो. स्प्रिंगचा वेढा कापला की ती आखूड होते, हे सर्वांना दिसते. पण ती कडकही होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सहा वेढ्यांपैकी दीड कापला आणि साडेचार उरले, तर तिचा कडकपणा सव्वापटीहून अधिक, जवळजवळ १.३३ पट होतो. सुखकर प्रवासासाठी गाडीच्या अंगाने सेकंदाला एक ते दीड वेळा हेलावे, असा अभियंत्यांचा जुना अनुभव आहे. माणूस चालताना जी लय असते तिच्या जवळपास ही लय येते, म्हणून ती अंगाला परकी वाटत नाही. ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांच्यासाठी सांगतो: गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते त्याचे वर्गमूळ काढावे आणि ५ ला त्याने भागावे. १६ सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला सव्वा हेलकावा, ९ दबत असेल तर सुमारे १.७, आणि ४च दबत असेल तर अडीच. हे लोलकाच्या सूत्राचेच भावंड आहे. स्प्रिंग जितकी कमी दबणारी, तितके हेलकावे जलद. त्यापुढे सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या टप्प्यात बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या धक्क्यांना सर्वांत हळवे असते. गाडी ठोकळ्यावर आपटू लागली की असेच झटके अंगात शिरतात.

आता कोणी म्हणेल की मग नरम स्प्रिंग घालावी, म्हणजे झाले. भाच्याला एका दुकानात हेच सांगितले होते. पण उंची तेवढीच ठेवून स्प्रिंग नरम केली, तर ती तेवढ्याच ओझ्याने अधिक दबणार आणि ठोकळा आणखी लवकर गाठणार. प्रवास उलट वाईट होईल. दुसऱ्या एकाने तो ठोकळाच अर्धा कापा म्हटले. तसे केले असते तर चाक मडगार्डला घासले असते आणि शॉकचे पोट फुटले असते. आराम पाहिजे असेल तर नरमपणा आणि दबायला जागा ही दोन्ही एकत्र पाहिजेत. आपल्या जुन्या मंडळींनी पाहिलेली सित्रोएनची दोश्वो आठवावी. १९४८ साली ती लोकांपुढे आली. कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी अट घातली होती की नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतील अंडी फुटता कामा नयेत. ती गाडी वळणावर होडीसारखी कलत असे, पण तिची चाके खूप वरखाली जाऊ शकत होती, म्हणून अंडी शाबूत राहत. पैसा आणि पोलाद या दोन्हींची तिच्यात काटकसर होती. जागेची मात्र नव्हती.

भाच्याला हे पटले असे वाटले, परंतु त्याने दुसरा मार्ग काढला. बाजारात उंची कमीजास्त करता येणारे शॉक-स्प्रिंगचे जोड मिळतात, त्यांना कॉइलओव्हर म्हणतात. त्यांच्यावर घट्ट-सैल करण्याचे बटणही असते. ते बसवू, बटण सैल ठेवू, गाडी खालीच राहील, असा त्याचा बेत होता. आम्ही यावर एक संध्याकाळ वाद घातला. ते बटण स्प्रिंगला नरम करीत नाही. स्प्रिंगच्या हालचालीला किती लगाम घालायचा, एवढेच ते ठरविते. लगाम फार सैल केला तर गाडी डोलत राहते आणि ठोकळ्यावर अधिक वेळा आदळते. या जोडांत दोन प्रकार असतात. स्वस्त प्रकारात गाडी खाली करायची म्हणजे स्प्रिंगची बैठक खाली सरकवायची. तेथे दबण्याची जागा तेवढीच घटते. चांगल्या प्रकारात शॉकचे खालचे टोकच वेगळे आत-बाहेर करता येते, त्यामुळे उंची बदलली तरी शॉकच्या आतली जागा कायम राहते. हा प्रकार चांगलाच, पण त्यातही शेवटी चाकाला मडगार्डच्या आत फिरायला जागा लागतेच. किंमत ऐकून सूनबाई आत निघून गेली. हवेच्या फुग्यांची पद्धत तर त्याहून महाग, आणि तिकडच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, रबराच्या कोणत्याही वस्तूचा भरवसा कमी.

शेवटी शुक्रवारची सुटी होती म्हणून शनिवारी शारजाच्या औद्योगिक भागात एका मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री पेशावरकडचे, पन्नाशी उलटलेले. आमची मोडकी हिंदी आणि त्यांची उर्दू यांचे छान जमले. त्यांनी गाडी उचलली, चाके लोंबकळू दिली आणि भाच्याला म्हणाले, "बेटा, इकडे ये." मागची स्प्रिंग त्यांनी दोन बोटांनी गरागरा फिरवून दाखवली. आखूड झालेली ती स्प्रिंग चाक खाली लोंबताच आपल्या बैठकीतून सुटत होती. एखाद्या खड्ड्यावरून चाक हवेत गेले आणि उतरताना स्प्रिंग जागेवर बसली नाही, तर काय होईल, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी फक्त मागच्या सीटवरील बाळाच्या आसनाकडे पाहिले. आमच्या आठवडाभराच्या आकडेमोडीने जे झाले नाही ते तेथे झाले. भाचा म्हणाला, "काय करायचे ते करा."

शारजात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा फार मोठा बाजार आहे. तेथे त्याच जातीच्या मोडीत निघालेल्या गाडीच्या चारही मूळ स्प्रिंगा मिळाल्या. मिस्त्रींनी गंज आणि चिरा पाहून त्या पारखून घेतल्या. शॉक मात्र जुने घेऊ नका, असे ते ठामपणे म्हणाले, कारण त्यांच्या आतील तेल आणि सील बाहेरून दिसत नाहीत. म्हणून शॉक नवे, रबरी ठोकळे नवे, वरच्या बैठका नव्या. खालच्या दांड्यांचे बुश उन्हाने तडकले होते, तेही बदलले. एवढे उघडलेच आहे तर करून घ्यावे, हा त्यांचा सल्ला योग्य होता. मजुरी एकदाच द्यावी लागली.

त्यानंतर चाके. भाच्याची चाके १८ इंची, टायर २२५/४० मापाचे. म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, फक्त ९० मिलिमीटर. त्याऐवजी १६ इंची चाकांवर २०५/५५ चे टायर बसविले, तर भिंत सुमारे ११३ मिलिमीटर होते आणि चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, म्हणून वेगदर्शक काटाही फारसा चुकत नाही. टायरमधील हवा हीदेखील एक स्प्रिंगच आहे, हे आपण विसरतो. भाचा हवा ४० पौंड ठेवीत असे, का तर रिम वाचावी म्हणून. दाराच्या चौकटीवरील कागदावर ३३ लिहिलेले होते. उष्ण प्रदेशात हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. दुपारी तापलेल्या टायरची मोजून हवा काढून टाकली तर सकाळी ती कमी भरते. हे काम फुकटचे आहे आणि आपल्या बेटावरही ज्यांची गाडी कडक वाटते त्यांनी मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी प्रथम हेच पाहावे.

शेवटी चाकांचे अलाइनमेंट आणि पुढच्या दिव्यांचा रोख. गाडीची उंची बदलली की ही दोन्ही बदलतात आणि दिव्यांचे पुष्कळांना स्मरण राहत नाही.

कायद्याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपली अनेक मुले आता तिकडे नोकरीस जातात. अमिरातीत जुन्या गाडीची नोंदणी दरवर्षी तपासणीनंतरच नवी होते. जुलै २०१७ पासून लागू झालेल्या नियमांत परवानगीवाचून इंजिनात अथवा चॅसीत बदल केल्यास १००० दिरहम दंड, १२ काळे गुण आणि ३० दिवस गाडी जप्त, अशी शिक्षा होती. चार वर्षांखालील मुलांना बालआसन सक्तीचे झाले तेही त्याच नियमांनी. त्यानंतर नवा वाहतूक कायदा २९ मार्च २०२५ पासून अमलात आला आहे. म्हणून गाडीला हात लावण्यापूर्वी तेथील कार्यालयात ताजी चौकशी करावी. मित्रांचे ऐकून करू नये. भाच्याने मित्रांचेच ऐकले होते.

बुटक्या गाडीचा आणखी एक धोका मिस्त्रींनी सांगितला. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत जो पाऊस झाला, अल ऐनजवळील खतम अल शकला येथे २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर, त्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. इंजिनाला हवा घेण्याचे तोंड जितके खाली, तितके पाणी लवकर आत. आम्हांस आपले १५ जानेवारी २०२४ आठवले, बेलाल वादळाच्या दिवशी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून वाहत गेलेल्या गाड्या.

गाडी तयार होऊन आली तेव्हा ती सुमारे ५ सेंटिमीटर उंच झाली होती. भाचा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "उंट दिसते." दोन दिवस तो खट्टू होता, हे खरे. आम्हांसही थोडे वाईट वाटले. तरुणपणी हौसेने केलेली गोष्ट स्वतःच्या हाताने मोडणे सोपे नसते, आणि आम्ही मास्तर मंडळी अशा वेळी जरा जास्तच बोलतो.

परत येण्याच्या चार दिवस आधी आम्ही पुन्हा अल ऐनला निघालो. ताई प्रथम तयार नव्हती. आम्ही तिला मागे न बसविता पुढे बसण्यास सुचविले, पण ती म्हणाली की बसायचे तर नातीजवळ. कमरेला उशी घेतली. आधी ज्या हंपांवर कळ आली होती त्यांच्यावरून भाचा अगदी सावकाश गेला. तिसऱ्या हंपानंतर आम्ही मागे वळून पाहिले, तर ताई खिडकीबाहेरील खजुरीची झाडे पाहत होती आणि बाळ झोपलेले होते. कंबर दुखायची ती थोडी दुखलीच. नवी स्प्रिंग काही औषध नव्हे. पण पेट्रोल पंपावर थांबावे लागले नाही. जबल हफीतची वळणे चढून आम्ही वर गेलो, तेथे थंड वारा होता, आणि ताईने खाली पसरलेल्या वाळवंटाकडे बराच वेळ पाहिले. वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलत होती. भाच्याने ते दोनदा बोलून दाखविले.

प्लास्टिकची ती पट्टी आम्ही शॉकवर तशीच ठेवून आलो आहोत आणि भाच्याला दर महिन्यास पाहून कळविण्यास सांगितले आहे. गेल्या आठवड्यात त्याचा संदेश आला. ताई परतली आहे, पण सूनबाईचे आईवडील आले आहेत आणि गाडी भरून सर्वजण फिरत असतात. संदेशात लिहिले होते: "मामा, पाच जण बसवून फिरलो. पट्टी ठोकळ्यापासून दोन बोटे खाली थांबते. त्यातले एक बोट मला द्याल का?"

आम्ही अजून उत्तर दिलेले नाही.